गोटिये-किंब्राचं ब्रेकअपवालं ड्युएट दोघांनी कसं गायचं

ब्रेकअपवर गाणी ढिगानं आहेत, पण ब्रेकअपवरची ड्युएट त्यामानाने कमीच, आणि त्यातही अशी तर फारच थोडी की ज्यात दोघं एकमेकांसाठी गात नाहीत, एकमेकांविरुद्ध गातात. त्यामुळे कराओके ग्रुपवर कोणी विचारलं की इंग्लिश ड्युएट कुठलं घेऊ, फार गोग्गोड नकोय, तर मी दरवेळी एकच नाव सुचवते, गोटिये हा गायक आणि किंब्रा ही गायिका यांचं 'समबडी दॅट आय यूज्ड टू नो'. २०११ चं गाणं आहे, म्हणजे आता जुनंच म्हणायचं, पण सुरुवातीची गिटार वाजली की अजूनही अर्धा हॉल मान वर करून बघतो. मग पुढचा प्रश्न येतोच, दोघांत वाटायचं कसं, पट्टी कुठली, मुलीचा भाग एवढा उशिरा का येतो, तोवर तिने काय करायचं. ते सगळं एकदाच लिहून टाकते म्हणजे परत परत टाइप करायला नको.

आधी गाणं नीट ऐका, आणि शब्द वाचून ऐका, कारण चाल एवढी चिकटणारी आहे की शब्दांकडे लक्षच जात नाही. गोष्ट थोडक्यात अशी. तो सांगतोय की आपण एकत्र होतो तेव्हाचं अधूनमधून आठवतं, तू खूश होतीस, मीही स्वतःला समजावत होतो की हीच आपल्यासाठी बरोबर आहे, पण तुझ्यासोबत असूनही एकटंच वाटायचं. मग पुढच्या कडव्यात म्हणतो की जमत नाहीये हे कळलं तेव्हा तू म्हणालीस आपण मित्र राहू, आणि खरं सांगतो, संपलं तेव्हा मला बरंच वाटलं. इथपर्यंत माणूस शहाण्यासारखा बोलतोय. आणि कोरस आला की एकदम फुटतो, की तू मला असं तोडायला नको होतंस, जणू काही घडलंच नाही, मित्रांना पाठवून स्वतःच्या रेकॉर्ड्स काय नेल्यास, नंबर काय बदललास. म्हणजे संपलं म्हणून बरं वाटलं असं दोन ओळींपूर्वी म्हणणाराच आता तिने संपवलं म्हणून चिडलाय. ही जी गंमत आहे ना, ती आवाजात आली पाहिजे. नुसतं दुःखी दुःखी गायलात तर गाणं अर्धंच गायलात.

आता वाटणीचं. बहुतेक जोड्या पहिल्या दिवशी काय करतात तर एक ओळ तुझी एक माझी असं करून टाकतात, म्हणजे दोघांना सारखं गायला मिळेल. न्यायाला धरून आहे पण हे गाणं त्या न्यायाने मरतं. मूळ गाणं चार मिनिटांच्या थोडंसं वर आहे आणि किंब्रा येते साधारण अडीच मिनिटांनी. तोवर कोणालाही वाटत नाही की हे ड्युएट आहे. गोटियेने पहिल्या कोरसपर्यंत गाणं लिहून काढलं आणि मग त्याच्या लक्षात आलं की या माणसाच्या बाजूने अजून काही सांगण्यात मजा नाही, म्हणून त्याने समोरच्या बाईला बोलायला लावलं. हे कळलं की वाटणीचा प्रश्न आपोआप सुटतो. ती त्याच्या गाण्यात साथ द्यायला येत नाही, त्याचं म्हणणं खोडून काढायला येते, आणि खोडायला आधी त्याचं पूर्ण म्हणणं लोकांनी ऐकलेलं पाहिजे, एवढंच नाही तर लोकांना ते पटलेलं पाहिजे. म्हणून पहिली अडीच मिनिटं एकट्या त्याची. एकही ओळ तिला देऊ नका, मागचं ऊऊ आआ पण नको.

आणि हो, 'तो' आणि 'ती' हे मी सोयीसाठी म्हणतेय. दोन मुली गायल्या तरी चालतं, दोन मुलगे गायले तरी चालतं, फक्त दोन आवाज ओळखू येण्याइतके वेगळे असावेत. पहिली बाजू मुलीने घेतली आणि दुसरी मुलाने तर उलट अजून इंटरेस्टिंग होतं, करून बघा.

ट्रॅक, म्हणजे मुख्य गायकाचा आवाज काढलेलं नुसतं संगीत, निवडताना दोन गोष्टी बघा. एक म्हणजे लांबी, काही ट्रॅक मधले नुसते वाद्यांचे तुकडे कापून छोटे केलेले असतात, आणि या गाण्यात ते तुकडे लागतातच, का ते पुढे सांगते. दुसरं म्हणजे मागचे आवाज. शेवटच्या कोरसला किंब्राचे मागचे सूर असतात, काही ट्रॅकमध्ये ते रेकॉर्ड करून ठेवलेले असतात आणि काहीत नसतात. तुमच्यातली मुलगी ते गाणार असेल तर नसलेला ट्रॅक घ्या, नाहीतर दोन दोन मुली गातायत असं वाटतं. ट्रॅक मोबाईलवर उतरवून ठेवा, हॉलच्या वायफायच्या भरवशावर राहू नका.

पट्टीवर मात्र जरा वेळ घालवू कारण सगळी भांडणं इथेच होतात.

मूळ गाणं डी मायनरमध्ये आहे. पेटीवर शिकलेल्यांसाठी सांगायचं तर पांढरी दोनला सा धरा आणि आसावरी थाट घ्या, ग ध नि कोमल. पांढरी दोन घेतल्यामुळे सोय अशी होते की सगळा खेळ पांढऱ्या पट्ट्यांवर चालतो, फक्त कोमल धैवतासाठी काळी पाच लागते. कडव्याला दोनच कॉर्ड आहेत, डी मायनर आणि सी, आलटून पालटून. पेटीवर म्हणजे सा, कोमल ग, प एकत्र आणि मग कोमल नि, रे, म एकत्र, बास. कोरसला त्यात बी फ्लॅट येतो, म्हणजे कोमल ध, सा, कोमल ग. क्रम डी मायनर, सी, बी फ्लॅट, सी आणि परत पहिल्यावर. गिटारवाल्यांनी पाचव्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा, लावून ए मायनर, जी, एफ, जी वाजवलं की झालं, नवीन शिकणाऱ्यालाही एका संध्याकाळी बसतं, एफ सोडून, त्या एफचं काय ते तुम्ही आणि तुमची बोटं बघून घ्या.

गायला मात्र एवढं सोपं नाही. कडवं खालच्या सुरांत, जवळजवळ बोलल्यासारखं आहे आणि कोरस एकदम वर जातो. पुरुषांची नेहमीची तक्रार ही की कोरसला आवाज पोचत नाही, म्हणून ट्रॅक दोन सूर खाली करतात, म्हणजे सी मायनर, पांढरी एक. त्याचं काम झालं. पण ती अडकली, कारण पट्टी दोघांची एकच आहे आणि किंब्राच्या कडव्याची सुरुवात मुळातच खालच्या, दबलेल्या आवाजात आहे. दोन सूर खाली नेलं की काळी चार किंवा पांढरी पाचमध्ये गाण्याची सवय असलेल्या मुलीला ती सुरुवात ऐकूच येणार नाही अशी गावी लागते. उलट तिच्यासाठी ट्रॅक वर नेला तर कोरसला त्याची शीर ताणते.

आपल्याकडे स्त्री-पुरुष सहगायनात हा पट्टीचा घोळ काही नवीन नाही, पंडित जसराजजींच्या जसरंगी या जुगलबंदीच्या प्रकारात तर यावर काय सुंदर तोड काढलीय, दोघांनी आपापल्या पट्टीत आपापला राग गायचा आणि मूर्छनेच्या, म्हणजे सा बदलून तेच सूर वेगळ्या रागाचे होतात त्या, हिशोबाने सूर जुळतात. इथे ती चैन नाही. मग काय करायचं तर ज्याची अडचण मोठी त्याच्या बाजूने फक्त एक सूर सरकवायचं, दोन नाही, आणि उरलेलं गाण्याच्या पद्धतीने भागवायचं. तो पोचत नसेल तर एक सूर खाली, म्हणजे काळी एक, आणि कोरसला छातीतून जोर न लावता जरा हलका, डोक्यातला आवाज घ्यायचा. तिची सुरुवात खाली जात असेल तर माईक जवळ घेऊन पुटपुटल्यासारखं गायचं, तिथे मोठा आवाज नकोच आहे. पट्टी ठरवताना दोघांनी एकत्र बसून ठरवा, आणि ठरवताना त्याचा कोरस आणि तिच्या पहिल्या दोन ओळी एवढंच गाऊन बघा, बाकी सगळं त्या दोघांच्या मध्ये बसतंच.

आता कडवं. सुरुवातीला जी गिटार वाजते ती गोटियेची नाहीये, ब्राझीलचा गिटारवादक लुईझ बोन्फा याच्या १९६७ च्या 'सेव्हिल' नावाच्या तुकड्यातून उचललेला छोटासा भाग आहे, तो सारखा फिरत राहतो, आणि म्हणूनच गीतकार-संगीतकार म्हणून बोन्फाचंही नाव लागतं. वर जे टिंगटिंग झायलोफोन वाजतं त्याची चाल 'बा बा ब्लॅक शीप'च्या जवळ जाणारी आहे, एकदा कळलं की परत कधी न कळल्यासारखं ऐकता येत नाही, सॉरी. पण यातून गाणाऱ्याला कामाची गोष्ट कळते. मागे जे चाललंय ते अगदी साधं, लहान मुलाच्या खेळण्यातल्या सुरांसारखं आहे आणि हलत नाही. सगळी हालचाल आवाजाने करायची आहे, आणि ती कमीत कमी करायची आहे.

इथे आपल्या लोकांचा हात शिवशिवतो. ओळ संपली की मध्ये मोकळी जागा आहे, आणि मोकळी जागा दिसली की आपण हरकत घेतो, मुरकी घेतो, निदान शेवटचा सूर लांबवतो. नका हो. ओळ संपली की गप्प बसा, सूर सोडून द्या, आणि पुढची ओळ येईपर्यंत थांबा. तो माणूस आठवत आठवत बोलतोय, मध्ये थांबणारच ना. लय साधारण मिनिटाला १२९ ठोक्यांची आहे पण ऐकताना निम्म्या वेगाची वाटते, त्यामुळे लोक एक तर मागे ओढतात किंवा मोकळ्या जागेला घाबरून पुढची ओळ आधी टाकतात. पायाने ठेका धरा, चार मात्रांचाच आहे, आणि पहिले काही दिवस नुसतं बोलून बघा त्या ठेक्यावर, सूर न लावता. बोलताना जमलं की गाताना जमतं.

दोन कडव्यांच्या मध्ये वाद्यांचा तुकडा आहे, तिथे 'काय मग मंडळी' वगैरे करू नका.

कोरसला काय करायचं. पहिली गोष्ट, आधीच्या ओळीत जाहिरात करू नका की आता मी वर जाणारे. कडवं शेवटच्या अक्षरापर्यंत खालीच ठेवा, श्वास मात्र नाकातून पूर्ण भरून घ्या, आणि मग एकदम. दुसरी गोष्ट, माईक कडव्याला तोंडापासून दोन-तीन बोटांवर असेल तर कोरसला वीतभर लांब न्या, नाहीतर स्पीकर ओरडतो आणि लोकांना वाटतं तुम्ही ओरडताय. तिसरी आणि महत्त्वाची, पहिला कोरस हा तक्रारीचा आहे. रडू नका. ज्याला शंभर टक्के वाटतंय की आपलंच बरोबर आहे असा माणूस सोसायटीच्या मीटिंगला उभा राहून जसा बोलतो तसं गा, आणि मग समोरचे लोक तुमच्या बाजूचे होतात. कोरसच्या शेवटी गाण्याचं नाव येतं ते दोन-तीनदा येतं, तिथे आवाज उतरत न्या, राग संपलाय आणि नुसतं ते वाक्य उरलंय तोंडात असं. ऐकताना कोणालाही कळतं की एवढं ठासून 'ती आता माझी कोणी नाही' म्हणणाऱ्याच्या डोक्यात ती अजून राहतेय.

आता तिची अडीच मिनिटं. स्टेजवर सगळ्यात अवघड काम हेच आहे, काहीच न करता उभं राहणं. मी बघितलंय, मुली तोवर टाळ्या वाजवतात, डोलतात, त्याच्याकडे बघून गोड हसतात, मोबाईलवर शब्द शोधत बसतात. यातलं काहीही केलं की तिच्या एंट्रीचा जीव जातो. सोपा मार्ग म्हणजे तिने स्टेजवर असूच नये. समोर लोकांत बसावं, दुसरा माईक हातात घेऊन पण खाली धरून, आणि पहिला कोरस संपून जो वाद्यांचा तुकडा येतो, त्यातच उठून चालत यावं. म्हणून म्हटलं तो तुकडा कापलेला ट्रॅक नको. जागाच नसेल आणि स्टेजवर उभंच राहावं लागणार असेल तर त्याच्याकडे पाठ नाही पण तोंडही नाही, तिरकं, समोरच्या भिंतीकडे बघत. मूळ व्हिडिओ नताशा पिंकसने केलाय, त्यात दोघंही मागच्या भिंतीच्या चित्रात रंगवून टाकलेले आहेत, एम्मा हॅकने रंगवलेत, आणि ती त्याच्याकडे पाठ करूनच उभी असते, आपल्याला आधी कळतही नाही. मग ती त्याच्याजवळ येते, अगदी कानाशी येऊन सुनावते आणि परत जाते, आणि जाताना तिच्या अंगावरचा रंग उतरत जातो, तो मात्र भिंतीतच राहतो. सोसायटीच्या गणपतीला अंगाला रंग फासा असं मी म्हणत नाहीये, पण येणं, सुनावणं, जाणं हा क्रम उचलण्यासारखा आहे.

तिचं कडवं. तिची सुरुवात त्याच्याच शब्दांनी होते, तो जसा म्हणाला होता की अधूनमधून आठवतं तसंच ती म्हणते की मलाही अधूनमधून आठवतं, पण काय आठवतं तर तू मला कितीदा फसवलंस ते. म्हणून सुरुवात अगदी त्याच्यासारखीच करा, त्याच आवाजात, तेवढीच शांत, शक्य असेल तर त्याने जिथे श्वास घेतला तिथेच श्वास घेऊन. लोकांना दोन सेकंद वाटलं पाहिजे की आता ही पण हळवं हळवं काहीतरी सांगणार. आणि मग वाक्य वळलं की आवाज वळवा. पुढे ती म्हणते की दरवेळी चूक माझीच आहे असं तू मला भासवलंस, तुझ्या एकेका शब्दाचे अर्थ लावत मला जगायचं नाहीये, इथे चाल चढत जाते आणि इथे तिने पूर्ण आवाज सोडायचा, त्या कडव्यात तिला हीच एक जागा आहे. आणि नंतर जी ओळ येते ती सगळ्या गाण्याची किल्ली आहे माझ्या मते, तूच म्हणाला होतास ना की सोडून देईन, जुन्या ओळखीच्या माणसात अडकून पडलेला मी दिसणार नाही तुला. म्हणजे जे वाक्य तो कोरसमध्ये तिच्या अंगावर फेकत होता ते मुळात त्याचंच, तिने परत केलं. ही ओळ त्याच्याकडे बघून गा. अख्ख्या गाण्यात एकदाच त्याच्याकडे बघायचं ते इथे.

ती गाताना त्याने काय करावं तर ऐकावं. मान हलवू नये, 'काय गातेय' म्हणून कौतुकाने लोकांकडे बघू नये, आपली ओळ येतेय म्हणून माईक तोंडाशी आणून तयार उभं राहू नये. आपल्याकडे सहगायकाला दाद द्यायची पद्धत आहे आणि ती चांगलीच आहे, पण इथे ती चार मिनिटं बाजूला ठेवा, नंतर द्या हवी तेवढी.

तिचं संपतं आणि त्याचा कोरस परत येतो, शब्द तेच्या तेच. आणि इथे बहुतेक पुरुष गायक पहिल्यासारखाच कोरस कॉपी पेस्ट करतात. अहो आता लोकांनी तिची बाजू ऐकलीय. तोच माणूस तेच वाक्य परत म्हणतोय पण आता त्याच्या मुद्द्यात दम उरलेला नाही आणि ते त्यालाही माहितीय. मग हा कोरस दोन प्रकारे गाता येतो, एक तर पहिल्यापेक्षा जास्त जोरात, वाद हरलेला माणूस आवाज वाढवतो तसा, किंवा शब्द तेच ठेवून जोर काढून घेऊन. पहिला प्रकार सोपा आहे आणि हॉलमध्ये चालतो. दुसरा अवघड पण रेकॉर्डिंगला फार छान येतो. मला दुसरा आवडतो, पण ट्रॅकमध्ये ढोल जोरात असतील तर त्या नादात तो ऐकूच जाणार नाही, तेव्हा ट्रॅक बघून ठरवा. तिने मागे लांब सूर धरायचे, शब्द नाहीत, आणि ते त्याच्यापेक्षा हळू. तिला वाटेल की एवढं सुनावल्यावर आता मी मागे का जाऊ, पण मागे गेलेला तिचा आवाजच त्याला गप्प करतो, समोर आली तर नुसतं भांडण ऐकू येईल.

शेवटी दोघं गाण्याच्या नावाचे तुकडे आलटून पालटून गातात. इथे मात्र बरोबर मोजून घ्या, कोण कधी ते, कारण दोघंही एकदम आले किंवा दोघंही थांबले तर हशा होतो. वहीत लिहून त्याच्या ओळी एका पेनाने आणि तिच्या दुसऱ्या पेनाने, एवढं पुरतं. आणि शेवटच्या सुराला एकमेकांकडे बघून हसू नका. हात धरून वाकून नमस्कार तर नाहीच, निदान ट्रॅक पूर्ण थांबेपर्यंत.

साउंडवाल्याला काय सांगायचं तेही सांगते. आपल्याकडे कराओके हॉलमध्ये इको जुन्या हिंदी गाण्यांच्या हिशोबाने लावलेला असतो, भरपूर. या गाण्याच्या कडव्याला तो इको फार वाईट दिसतो, बोलल्यासारखे शब्द एकमेकांवर चढतात. त्याला म्हणा दादा, इको जवळजवळ बंद कर आणि कोरसला थोडा सोड. जमणार नसेल तर कायम कमीच ठेवायला सांगा. तिच्या माईकचा आवाज त्याच्यापेक्षा किंचित जास्त ठेवा, कारण ती अडीच मिनिटं गप्प बसून थंड घशाने खालच्या सुरात सुरू करणार आहे. तोवर तिने तोंड बंद करून हळूच गुणगुणत घसा गरम ठेवावा, माईक बंद आहे ना ते बघून.

उच्चारांचं फार टेन्शन घेऊ नका, अमेरिकन बनायची गरज नाही, गोटिये स्वतः बेल्जियमला जन्मलेला ऑस्ट्रेलियन आणि किंब्रा न्यूझीलंडची. फक्त गाण्याच्या नावात 'यूज्ड टू' असं लिहितो आपण पण गाताना ते 'यूस्टू' असं एकत्र येतं, ज आणि ड वेगळे उच्चारायला गेलात तर ठेका चुकतो. आणि 'व'चे जे दोन प्रकार आहेत, व्ही आणि डब्ल्यू, त्यातला डब्ल्यूचा ओठांचा चंबू करून, तेवढं केलं की साठ टक्के काम झालं.

कोणाबरोबर गायचं हा प्रश्न लोक विचारत नाहीत पण विचारायला हवा. खऱ्या एक्सबरोबर नको. कॉलेजच्या रियुनियनला तर अजिबात नको, सगळ्या बॅचला माहिती असतं आणि मग गाणं राहतं बाजूला, लोक तुमचे चेहरे वाचत बसतात. नवरा-बायकोने गायलं तर मस्त होतं, पण प्रॅक्टिसमध्ये 'तू मला नेहमी असंच करतोस' हा भाग घरच्या विषयावर घसरू शकतो, तेव्हा प्रॅक्टिस आणि किराणा एकत्र ठेवू नका. सगळ्यात चांगलं म्हणजे नुसती गायनातली ओळख असलेलं कोणीतरी, भाऊ-बहीण सुद्धा नको, बघणाऱ्याला कसंसंच होतं. आणि तुमचं स्वतःचं ब्रेकअप ताजं असेल तर हे गाणं घरी गा, खूप गा, पण स्टेजवर सध्या दुसरं काहीतरी घ्या. त्या वेळी त्याचा कोरस फार खरा वाटतो आणि तिचं कडवं ऐकूच येत नाही, आणि गाणं उभं आहे ते तिच्या कडव्यावर.

आता ज्यांचा जोडीदार दुसऱ्या गावात किंवा परदेशात आहे त्यांच्यासाठी. व्हिडिओ कॉलवर एकत्र गायचा प्रयत्न करू नका, आवाज पोचायला वेळ लागतो आणि दोघंही एकमेकांची वाट बघत हळू हळू होत जातात. एकच ट्रॅक दोघांनी घ्यायचा, दोघांकडे तीच फाइल पाहिजे, यूट्यूबवरून वेगवेगळ्या उतरवलेल्या दोन नकोत. हेडफोन लावून ट्रॅक ऐकायचा आणि फक्त आपला आवाज रेकॉर्ड करायचा, हेडफोन वायरचे असलेले बरे, ब्लूटूथमध्ये आवाज थोडा उशिरा कानात येतो आणि तुम्ही उशिरा गाता. ट्रॅकच्या अगदी सुरुवातीला चार टाळ्या ठेक्यात वाजवा म्हणजे नंतर दोन्ही आवाज जुळवताना त्या टाळ्या एकाखाली एक ठेवल्या की काम झालं. आवाज रेकॉर्ड करून जुळवायला कॉम्प्युटरवर ऑडॅसिटी फुकट आहे, मोबाईलवर बँडलॅब आहे. व्हॉट्सॅपवर व्हॉइस नोट म्हणून पाठवू नका, आवाज दाबला जातो, डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा ड्राइव्हवर टाका. आधी त्याने गाऊन तिला पाठवायचं, ती त्याचं ऐकून गाईल, आणि मग शेवटचा कोरस त्याने तिचं ऐकून परत एकदा गायचा. हे शेवटचं टाळू नका. तिचं कडवं कानात असताना गायलेला कोरस वेगळाच येतो.

अपलोड करणार असाल तर लक्षात ठेवा, गाण्यावर मूळ मालकांचा हक्क आहेच, ट्रॅक बनवणाऱ्याचाही असतो, त्यामुळे यूट्यूबवर कॉपीराइटचा क्लेम आला तर दचकू नका, असल्या कव्हरवर, म्हणजे दुसऱ्याचं गाणं आपण गायलेल्या व्हिडिओवर, तो बहुतेक वेळा येतो, जाहिरातीचे पैसे बहुतेक मूळ मालकांकडे जातात एवढंच. गिटार असेल आणि ट्रॅकच नको असेल तर वॉक ऑफ दि अर्थ या कॅनडाच्या बँडचं जानेवारी २०१२ चं कव्हर बघा, पाच जण मिळून एकाच गिटारवर अख्खं गाणं वाजवतात. पाच जण जमले नाहीत तरी कळतं की गिटारची पेटी हाताने ठोकून ठेका कसा काढायचा, दोघांच्या कार्यक्रमाला तेवढा पुरतो.

कार्यक्रमात कुठे ठेवायचं ते शेवटचं. पहिलं नको आणि शेवटचं तर नकोच, मध्यंतरानंतर दुसरं-तिसरं ठेवा, लोक चहा पिऊन परत बसलेले असतात. समोर इंग्लिश न कळणारी मंडळी असतील तर आधी दोन वाक्यं मराठीत सांगा, की एकाचं मोडलंय, तो त्याची बाजू सांगतोय, एवढंच. ती येणार आहे हे सांगू नका. २०१२ मध्ये अमेरिकेत आठ आठवडे पहिल्या नंबरवर होतं, फेब्रुवारी २०१३ ला ग्रॅमीत रेकॉर्ड ऑफ द इयर मिळालं आणि ते द्यायला प्रिन्स हा अमेरिकन पॉपस्टार आला होता, हे सगळं सांगायचा मोह होतो निवेदकांना, ते गाणं झाल्यावर सांगा. आणि पुढचं गाणं जोरदार, ठेक्याचं ठेवा, ट्रॅक आधीच लावून ठेवायला सांगा, कारण हे संपल्यावर टाळ्या जरा उशिरा सुरू होतात आणि त्या गॅपमध्ये निवेदक 'वा, काय प्रेम आहे दोघांत' म्हणून मोकळा होतो.